घाटात नाव घेऊ नये

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला मी वळत नाही. सून म्हणते, आईंना ऐकायला कमी येतं. काही कमी येत नाही. ती तिच्या आईशी फोनवर काय बोलते ते मला स्वयंपाकघरात बसून ऐकू येतं. पण हाकेची गोष्ट वेगळी. हाक आधी पारखून घ्यावी लागते, आणि ते मी आंबेनळी घाटात शिकले.

तेव्हा मी चौथीत होते. वडील मुंबईत गिरणीत होते, आम्ही परळला राहायचो, आणि दिवाळीच्या सुट्टीत मला कुडपणला आजा-आजीकडे पाठवत. कुडपण म्हणजे पोलादपूरच्या डोंगरावरचं पठार. वर नाचणी-वरीची शेतं, भोवती रान, आणि रान संपलं की दरी. माझ्या आजाचं नाव येसाजी आणि आजीचं ठकूबाई.

आजाच्या मनात एकच गोष्ट राहून गेली होती, महाबळेश्वर. तसा तो तरुणपणी तिथं पुष्कळदा गेला होता, पण डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं घेऊन. साहेबांच्या बंगल्यांच्या मागच्या दारी कोंबड्या आणि अंडी द्यायची आणि आल्या पावली घाट उतरायचा. साहेबांची मुलं घोड्यावर बसायची, तळ्यात होड्या फिरायच्या, बायामाणसं कठड्याला टेकून दऱ्या बघत उभी राहायची. आजा ते सगळं जाता-येता तिरक्या डोळ्यांनी बघायचा.

"त्या कठड्यावरनं आपलं कुडपण दिसतं," तो मला सांगायचा.

"तुमी पाह्यलंत?" आजी विचारायची.

"पाह्यलं नाय. तितं उभं कोण राहू देतंय? पण दिसत आसणार."

साहेब गेल्याला बरीच वर्षं झाली होती. त्या दिवाळीत आजानं ठरवलं की आता नातीला घेऊन महाबळेश्वरला जायचं, आणि जायचं ते पाहुणा म्हणून, पुढच्या दारानं. मला घोड्यावर बसवायचं, होडीत बसवायचं आणि कठड्यावर उभं करून कुडपण दाखवायचं. शाळेतल्या हरी गुरुजींचा काळा कोट त्यानं मागून आणला. तो त्याला काखेत काचत होता, त्यामुळे दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून तो चालायचा. आजी म्हणाली, खुराडं गेलं तरी हात काय खाली येत नायत. आजानं तिकडे लक्ष दिलं नाही. पाहुण्यांनी कसं वागायचं हे तो आम्हाला शिकवत होता.

"यष्टीत भाकरीचं गठुडं सोडायचं नाय. मोठ्यानं बोलायचं नाय. आन् कुकारे तर आजिबात घालायचे नायत. लोक म्हणतील, गुराखी आले."

कुकारा म्हणजे रानातली हाक. तोंडाभोवती दोन्ही हात धरायचे आणि पोटातून कू काढायचा. डोंगराच्या या अंगाचा त्या अंगाला जातो. प्रत्येक घरचा कुकारा वेगळा असतो. आमच्या घरचा एक लांब आणि मागून दोन तुटक, असा होता. जेवायला बोलवायचं असो की गुरं वळवायची असोत, आजा कुकारा घालायचा आणि आम्ही असू तिथून त्याला तसाच परत द्यायचो. तो मला नावानं कधीच हाक मारत नसे. समोर असले तर 'बाय' म्हणायचा आणि लांब असले तर कुकारा.

आदल्या दिवशी आम्ही डोंगर उतरून पोलादपूरला निघालो. मुक्काम तिथं आजीच्या भाचीकडे होता आणि सकाळी यष्टी. वाट दाट रानातली होती. कोट अंगात घालून आजा पुढे, मागे आम्ही दोघी. मी मुंबईची, गप्प चालणं मला ठाऊक नव्हतं. एक फुलपाखरू दिसलं म्हणून मी पुढे पळाले आणि मागे वळून "ए ठकूबाई, लवकर ये, राही पुढं गेली" असं मोठ्यानं ओरडले. आजी झपाझप आली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"रानात नाव घेऊ नये गो."

"का?"

"चकवा ऐकतो. वाट चुकवणारं भूत आसतं ते. येकदा नाव कानावर पडलं की त्यो धरून ठेवतो. मंग हाक मारतो. तुज्या आईच्या आवाजात मारील, माज्या आवाजात मारील, आजाच्या मारील. तू ओ दिलीस की गेलीस."

"कुठं?"

"दरीत. आणखी कुठं?"

मग तिनं मला बयाची गोष्ट सांगितली. आजीच्या मावळणीची, म्हणजे आत्याची, लेक बया लाकडं आणायला रानात गेली होती. आईनं नावानं हाक मारली म्हणून तिनं ओ दिली. आई तर तेव्हा घरी दळत बसली होती. गावानं आठवडाभर रान धुंडाळलं. बया सापडली नाही. तिचा कोयता तेवढा सापडला, एका फांदीला नीट अडकवून ठेवलेला. खाली पडलेला असता तर मला इतकं काही वाटलं नसतं. पण तो नीट अडकवलेला होता, हे ऐकून मी आजीचा पदर धरला.

"मग आपलं माणूस कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"आपलं मानूस कुकारा घालतं. चकव्याला कुकारा येत नाय."

"का येत नाय?"

"नाय येत म्हंजे नाय येत. लई इचारू नको."

"पोरीला कायबाय सांगू नको," आजा पुढून म्हणाला. "भिऊन मरंल ती."

सकाळी यष्टी मिळाली. आजानं मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः कोटाची सगळी बटणं लावून ताठ बसला. शेजारच्या बाकावर टोपीवाले एक गृहस्थ होते, त्यांना त्यानं "आमी बी महाबळेश्वरलाच" असं दोनदा सांगितलं. घाट सुरू झाला आणि आजीचं पोट ढवळायला लागलं. ती बिचारी जन्मात पहिल्यांदा यष्टीत बसली होती. प्रत्येक वळणाला ती माझ्यावरून खिडकीबाहेर डोकं काढायची. ओकून ओकून तिचा घसा पार बसला. तिच्या तोंडून नुसता वारा निघत होता.

अर्ध्या घाटात इंजिन तापलं. एका वळणावर डोंगरातून पाणी झिरपत होतं तिथं ड्रायव्हरनं गाडी उभी केली. इंजिन थंड होईपर्यंत पाय मोकळे करा, पण लांब जाऊ नका, असं कंडक्टरनं बजावलं. आजी रस्त्याच्या कडेच्या दगडावर डोकं धरून बसली. आजा मात्र खुशीत होता. रस्त्याखाली एक पायवाट उतरत होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "हितनं कुडपण कुठल्या अंगाला येतं ते बघून येतो."

तो उतरून गेला. थोड्या वेळानं आजीनं मला हातानंच खूण केली, जा, त्याला बोलावून आण. मी निघाले.

खाली काळा कोट दिसत होता. दोन्ही बाजूंना कारवीची झुडपं होती आणि पायाखाली वाळू लागलेलं गवत, निसरडं. तेवढ्यात दरीतून ढग वर आला. मुंबईच्या पोरीला ढग आभाळात असतो एवढंच माहीत. हा खालून आला. आधी कारवी दिसेनाशी झाली, मग पुढचा कोट, मग वाट. मी घाईनं खाली उतरले, आजाला गाठायचं म्हणून. वाट कुठे फुटली ते मला कळलं नाही. मी थांबले तेव्हा मला माझी पावलं दिसत होती आणि त्यापलीकडे काही नाही.

आणि तेव्हा मागून, वरून हाक आली.

"राहीऽऽ"

आवाज आजाचा होता. पण आजा तर माझ्या पुढे, खाली होता. मी त्याला माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि आजा मला राही म्हणत नाही. कधीच नाही. माझ्या अंगावर जो काटा आला तो आत्ता हे सांगतानाही येतो आहे, हवं तर हात लावून बघा. चकवा होता. काल मी रानात माझंच नाव ओरडले होते, आजीनं बजावलं होतं, आणि तरी त्यानं मला गाठलं होतं.

मी तोंड घट्ट मिटलं, आवाजाच्या दिशेला वळले आणि एक पाऊल मागे सरले, त्याच्यापासून लांब.

"राही, ए राही!" आता बाईचा आवाज होता. अनोळखी. मग एका पुरुषाचा, जाडा. मग आणखी कुणाचा. सगळीकडून माझं नाव येऊ लागलं. आम्ही यष्टीत कुणाशी ओळख केलेली नव्हती. ह्या सगळ्यांना माझं नाव कुणी सांगितलं? मला वाटलं, एक नाही, पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांनी मिळून माझं नाव धरलं आहे. मी आणखी मागे सरले. प्रत्येक हाकेला एक पाऊल. माझ्या टाचेनं एक दगड निसटला. तो गडगडत गेला, मग त्याचा आवाजच बंद झाला, आणि बऱ्याच वेळानं खूप खालून टक्‌ असं ऐकू आलं. तेव्हा मी खाली बसले आणि कारवीचं एक झुडूप दोन्ही हातांनी धरलं.

आजाचा आवाज जवळ आला. तो आजासारखाच खोकला. आजासारखाच धापा टाकत होता.

"राही, आगो कुठं हायस? ओ दे गो. येकदा ओ दे, बाय."

मग तो रडायला लागला. चकवा रडतो, हे आजीनं सांगितलं नव्हतं. आजाला मी कधी रडताना ऐकलं नव्हतं, म्हणून हा आजा नव्हे हे माझ्या मनात अगदी पक्कं झालं. तरी माझ्या पोटातून ओ वर येत होती. मी फ्रॉकचा घेर तोंडात कोंबला. आवाज माझ्या एवढ्या जवळ होता की आणखी चार पावलं आला असता तर माझ्यावरच पडला असता. मी झुडूप न सोडता बसल्या बसल्या मागे सरकले. एक पाय लांब केला तो खाली टेकलाच नाही. तिथं काही नव्हतं. नुसता गार वारा पायाला लागत होता.

मी तशीच राहिले. पाय वर घ्यायचीही भीती वाटत होती. बयाचा कोयता आठवत होता. माझं काय सापडेल, असं मनात आलं. माझी एक चप्पल मघाशीच निसटली होती.

मग हाका थांबल्या. सगळ्या एकदम. ते तर त्याहून वाईट होतं. नुसता ढग सरकत होता आणि माझे दात वाजत होते.

आणि कुकारा आला.

एक लांब, आणि मागून दोन तुटक. दुसरा तुटक खोकल्यात अडकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ओ द्यायला मी तोंडातला फ्रॉकही काढला. आणि थांबले. चकव्याला कुकारा का येत नाही, हे आजीला कुठे माहीत होतं? इतके आवाज काढले, नाव शिकला, खोकायला शिकला, रडायला शिकला. कुकारा शिकायला त्याला किती वेळ लागणार? पुन्हा कुकारा आला. माझ्या हातातलं झुडूप मुळापासून हलायला लागलं होतं. मी मनाशी म्हटलं, असेल तर असो, आता बसवत नाही. मी झुडूप एका हातानं धरून दुसरा हात तोंडाशी नेला.

"कू," मी म्हटलं. लांब निघालाच नाही. पण मागचे दोन तुटक मी पुरे केले.

"हाय तितंच ऱ्हा," वरून आवाज आला. "हलू नको. कुकारे घालत ऱ्हा."

मी कुकारे घालत राहिले. गवत करकरलं, दगड घरंगळले, आणि ढगातून आजा बसल्या बसल्या घसरत आला. डोक्यावर टोपी नव्हती. एका हातानं त्यानं कारवीचा बुंधा धरला आणि दुसऱ्यानं माझं मनगट. कोटाची शिवण काखेत टरकन फाटली. त्यानं मला ओढून पोटाशी घेतलं तेव्हा त्याच्या घामाचा आणि तंबाखूचा वास आला, आणि मगच मला खरं वाटलं.

मग त्यानं माझं तोंड वर केलं.

"मी हाका मारल्या त्या ऐकल्या नाय तू?"

"ऐकल्या."

"मंग ओ का नाय दिलीस?"

"मला वाटलं, तो तू नव्हेस."

तो माझ्या केसांतलं गवत काढत बसला. एकेक काडी काढून बाजूला ठेवत होता, जशी काही ती जपून ठेवायची होती.

वर काय घडलं ते आजीनं मला नंतर सांगितलं. आजा दुसऱ्या वाटेनं रस्त्यावर आला आणि आजीला विचारलं, पोरगी कुठाय? मग दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. टोपीवाल्या गृहस्थांनी नाव विचारलं, आजानं सांगितलं, आणि सगळी यष्टी माझ्या नावानं ओरडायला लागली. आजाही. आजीला पहिल्या हाकेलाच कळलं होतं की मी ओ देणार नाही, कारण मला तसं तिनंच सांगितलं होतं. पण तिचा घसा बसलेला. आजा वाटेनं खाली जाऊन हाका मारून परत वर आला, तेव्हा तिनं त्याचा कोट धरून ओढला आणि ओठांनीच सांगितलं, नाव नको, कुकारा घाला. आजानं माणसांकडे बघितलं. खरंच बघितलं, आजी सांगायची. पोर ढगात आणि हा लोकांकडे बघतो. तेव्हा तिनं बसल्या घशानं जेवढं जमेल तेवढं ओरडून सांगितलं, "आग लावा तुमच्या कोटाला." मग आजानं दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

आम्ही वर आलो तेव्हा आजीनं मला आधी चापट मारली आणि मग जवळ घेतलं. टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "मुलीला ओ द्यायला शिकवा हो." आजानं माझ्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "बाय, माघारी जायाचं?"

मला जायचं होतं. पण माघारी म्हणजे पुन्हा ते रान, पायी. यष्टीला निदान चारी बाजूंनी पत्रा होता. मी म्हटलं, "वर."

तर आम्ही महाबळेश्वरला गेलो. घोड्यावर मी बसले नाही, तो फार उंच होता. होडीतही बसले नाही, पाण्याचा तळ दिसत नव्हता. आजानं एका शब्दानं आग्रह केला नाही. फाटका कोट काढून त्यानं खांद्यावर टाकला होता. शेवटी आम्ही त्याच्या त्या कठड्याशी गेलो. छत्र्या घेतलेल्या बायका, काळा चष्मा लावलेले पुरुष, गोरीगोमटी मुलं, सगळे दरीकडे तोंड करून उभे होते. दरी ढगांनी काठोकाठ भरली होती. काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"त्या तितं," आजा ढगात बोट दाखवून म्हणाला. "त्याच्या खाली आसणार."

मी हो म्हटलं. कठडा मी दोन्ही हातांनी धरला होता. आजी मागे झाडाखाली आडवी झाली होती. आजा म्हणाला, शेंगा आणतो, आणि गेला. मी दरीकडे न बघता त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग मधे माणसं आली. पाठ दिसेनाशी झाली. कठड्यावरून ढगाचा एक पदर आत सरकला आणि माझ्या गालाला लागला.

सकाळची ती गार भीती पुन्हा पोटात उतरली. माणसं होती, ऊन होतं, मला सगळं कळत होतं, तरी हात कठड्यावरून निघेना. आजानं काय शिकवलं होतं ते मला आठवत होतं. इथं तर सगळे पाहुणेच होते. पण माझा इलाज नव्हता. मी एक हात सोडला, तोंडाशी नेला आणि कुकारा घातला. लांब, आणि मागून दोन तुटक.

सगळे वळले. एक बाई छत्रीआडून हसली. एका मुलानं माझी नक्कल केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेंगावाल्यापाशी गर्दी हलली आणि मला आजा दिसला. त्याच्या एका हातात शेंगांची पुडी होती, दुसऱ्यात सुटे पैसे. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसणाऱ्या माणसांकडे बघितलं. पुडी त्यानं दोन गुडघ्यांत धरली, पैसे शेंगावाल्याच्या टोपलीत परत टाकले, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि त्या सगळ्या पाहुण्यांच्या मधोमध उभं राहून पोटातून ओ दिली. एक लांब आणि दोन तुटक.

मी कठडा सोडला आणि त्या आवाजाकडे पळत गेले.